सावलीच्या पुढची बाजू

मुलांनो, आपल्यापासून फार दूर, एका परक्या सूर्याजवळ एक खडकाळ ग्रह होता असे समजा. तिथे जंगलच नव्हते, त्यामुळे ही गोष्ट जंगलातून सुरू करण्याची सोय नाही. त्या ग्रहाची एक बाजू कायम सूर्यासमोर असे. तिथे खडकसुद्धा वितळून काकवीसारखे वाहत. दुसरी बाजू कायम अंधारात, बर्फाने गोठलेली. दोन्हींच्या मधे एक चिंचोळा पट्टा होता आणि प्राणी काय ते तिथेच राहत. पट्ट्यातला सूर्य क्षितिजावरून हलत नसे, म्हणून सावल्याही हलत नसत. ज्याला खडकाची सावली मिळाली, त्याला घर मिळाले.

अशाच एका सावलीत एका सापसुरळीने अंडी घातली होती. एकदा तापलेल्या वाळूचे वादळ आले, तिचा खडक कोसळला आणि अंड्यांवर ऊन पडले. ती धावत शेजारच्या खडकाकडे गेली. "कोल्होबा, माझ्या अंड्यांपुरते थोडे सरकता का?"

"अगं, माझ्या शेपटीलाच जागा पुरत नाही," कोल्हा म्हणाला आणि शेपटी आणखी पसरून बसला.

वाटेने एक कासव चालले होते. त्याने काही विचारले नाही. ते सूर्य आणि अंडी यांच्या मधे जाऊन बसले आणि त्याची लांब सावली अंड्यांवर पडली. "पिल्लं बाहेर येईपर्यंत बसतो मी. मला तशी कुठे जायची घाई नाही," ते म्हणाले.

सापसुरळी निश्चिंत झाली. सावलीत बसून ती अंड्यांशी बोले, मधेच म्हणे, "किती गार वाटतंय, दादा!" कासव नुसते "हं" म्हणे. एकदा मात्र "हं" आले नाही. तिने पुन्हा हाक मारली, तरी नाही. तेव्हा ती पहिल्यांदाच सावलीतून निघून त्याच्या पुढच्या बाजूला गेली. पाठीला भेगा पडल्या होत्या, मान लोंबत होती, डोळे मिटलेले होते. तिला रडू कोसळले.

"दादा, उठा. अंड्यांचं मी बघेन."

"उठलो तर ती भाजतील," कासव कसेबसे बोलले.

सापसुरळी बर्फाच्या कडेकडे धावली. तोंडात मावेल तेवढा गार चिखल तिने आणला आणि कासवाच्या पाठीवर लिंपला. तो वाळला की पुन्हा धावली. पायांना फोड आले, पण ती थांबली नाही. हळूहळू कासवाने डोळे उघडले.

पुढे अंडी फुटली. चिमुकली पिल्ले सावलीत लोळू लागली, तोच आईने त्यांना उन्हात बोलावले आणि कासवासमोर उभे केले.

"हे तुमचे मामा. आधी यांचा चेहरा बघून घ्या," ती म्हणाली. "मी फार उशिरा बघितला."

तात्पर्य : ज्याच्या सावलीत आपण सुखाने बसतो, तो स्वतः उन्हात असतो, म्हणून त्याच्या पुढ्यात जाऊन त्याची विचारपूस करावी.