दुसऱ्या आवाजाची तार

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर रुसला. बरं, शिष्य काही शाळकरी नव्हता. अडतिशी उलटलेला, एसटीच्या वर्कशॉपात बॅटऱ्या तपासणारा, कपाळ वाढू लागलेला गृहस्थ. आणि रुसण्याचं कारणही लहान नव्हतं. ज्या दिवसासाठी त्याने चौदा महिने साधना केली, त्याच दिवशी सकाळी गुरूंनी त्याच्या वाद्याची एक तार पकडीने कापून टाकली.

हे का घडलं ते कळायला थोडं मागे जायला हवं.

एका तालुक्याच्या गावी मिशनचं जुनं आवार होतं. आवारात दगडी देऊळ, म्हणजे चर्च, आणि देवळात भाता मारून वाजवायची मोठी पेटी. एका साली उंदरांनी त्या पेटीचा भाता कुरतडला. दुरुस्त करणारा काही मिळेना. तेव्हा मंडळीतल्या चौघांनी ठरवलं, की पेटीवाचूनच गायचं, चार माणसांनी चार आवाजांत. वरचा आवाज, म्हणजे गीताची मूळ चाल, शाळेतल्या एक बाई गात. दुसरा आवाज सालोमीबाईंचा, तिसरा मास्तरांचा, म्हणजे या गोष्टीतल्या गुरूंचा, आणि सर्वांत खालचा घुमणारा चौथा आवाज सालोमीबाईंच्या यजमानांचा. पुढे पेटी दुरुस्त झाली, पण रिवाज पडला तो पडलाच. "पेटी लग्नाला, चौघं देवाला," असं आवारात सगळे म्हणायचे.

त्या दुसऱ्या आवाजाची एक गंमत असते. तो एकट्याने गायला, तर हे गाणं आहे असं कोणी म्हणणार नाही. दोन-तीन सुरांतच घोटाळत राहतो. सालोमीबाई भाकरी थापताना सराव करत, तेव्हा शेजारणींना वाटे, बाई कोणावर तरी पुटपुटतेय. पण तोच आवाज बाकीच्या तिघांत मिसळला, की गाण्याला ऊब येई.

वर्षं उलटली. शाळेतल्या बाई देवाघरी गेल्या. मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गळा गेला; ते कुजबुजल्यासारखं बोलू लागले. मग सालोमीबाईंचे यजमान वारले. त्या दिवसापासून सालोमीबाईंनी गाणं सोडलं. रविवारी पुस्तक उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि ओठ मिटून बसायचं.

त्यांचा मुलगा प्रबोध, म्हणजेच आपला हा शिष्य. मुलगा असावा तर असा, असं सारं आवार म्हणे. रेशन तो आणायचा, गोळ्या तो द्यायचा, लसूणसुद्धा तोच सोलायचा. आई जरा उठली, की म्हणायचा, "आई, तू बस." आणि ती बसायची. बसता बसता तिचं बोलणंही आटत गेलं. शेवटी दिवसभरात दोनच शब्द उरले, "आलास?" आणि "जेवलास?"

याचाच प्रबोधला घोर लागला. तो मास्तरांकडे गेला.

मास्तर हवाईयन गिटार शिकवत. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात, आणि डाव्या हाताने पोलादाची एक गुळगुळीत दांडी तारांवरून सरकवतात. दांडी सरकते तसा सूर माणसाच्या गळ्यासारखा वळत जातो.

"मास्तर, बाबांच्या दुसऱ्या स्मरणदिनी मला देवळात वाजवायचंय," प्रबोध म्हणाला. "चारही आवाज. एकट्याने."

"सोबतीला पेटी?"

"काही नको. तुम्ही गायचात तसंच, नुसतं. आईने एकदा ते चौघं पुन्हा ऐकले ना, की ती गाईल बघा."

मास्तरांनी पोलादाची दांडी उचलून तारांवर ठेवली. "दांडी सरळ आणि आवाज चार. अवघड आहे बाबा."

पण त्यांनी शिकवलं. चौघं गायचे त्यातल्या एका गीतापुरत्या तारा वेगळ्या लावून दिल्या, एकेका आवाजाला एकेक तार मुख्य. चारही आवाज जिथे एका ओळीत उभे, तिथे दांडी सरळ. जिथे पांगतात, तिथे तिरपी. पहिले सहा महिने तर एका वेळी एकच आवाज. प्रबोध कंटाळायचा, की मास्तर कुजबुजत, "अरे, गायकाला श्वास लागतो. गिटारला फुप्फुसं नाहीत, तुझी उसनी दे. ओळ संपली की दांडी उचल. श्वास घे. मग ये." हळूहळू त्या तारा खरंच श्वास घेऊ लागल्या.

स्मरणदिनाला आठवडा उरला तेव्हा प्रबोधला राहवलं नाही. रविवारी दुपारी त्याने घरीच गिटार मांडीवर घेतली आणि आईसमोर सगळं गीत वाजवलं. मास्तरांनी शिकवलेला एकही सूर चुकला नाही. चारही आवाज जसेच्या तसे उभे राहिले.

सालोमीबाईंचे डोळे भरले. त्या म्हणाल्या, "सगळं आलं की रे. काही म्हणून राहिलं नाही." आणि कुकर लावायला उठल्या.

"तू बस आई, मी लावतो," प्रबोध म्हणाला.

त्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी तो छाती फुगवून मास्तरांकडे गेला. "आई म्हणाली, काही म्हणून राहिलं नाही!"

"आणि मग? गायली?"

"नाही. पण देवळात गाईल ना?"

मास्तरांनी गिटार गवसणीत घातली. त्या दिवशी त्यांनी शिकवणी घेतली नाही.

स्मरणदिनाची सकाळ उजाडली. उपासनेला अर्धा तास असताना मास्तरांनी प्रबोधला देवळामागच्या खोलीत बोलावलं. गिटार मांडीवर घेतली, खिशातून पकड काढली आणि दुसऱ्या आवाजाची तार कचकन तोडली.

"मास्तर! अहो, हे काय केलंत?" प्रबोध ओरडलाच.

"तार कापली." मास्तर शांतपणे बाकीच्या तारा पुन्हा सुरात लावू लागले.

"ते दिसतंय मला! पण चौदा महिने, मास्तर! चौदा महिने बोटं सोलली मी. बाबांचा दिवस आहे आज. दुसरी तार कुठाय?"

"माझ्या खिशात."

"द्या इकडे."

"नाही देणार. तीन आवाज वाजव."

"मध्ये भोक पडेल! अख्खी मंडळी हसेल."

"हसू दे. तू श्वास तेवढा चुकवू नकोस." एवढं म्हणून मास्तर काठी टेकत आत जाऊन बसले.

प्रबोधच्या मनात आलं, सरळ घरी निघून जावं. पण उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी नाव पुकारलं आणि समोर पहिल्याच बाकावर आई, ओळीवर बोट ठेवून बसलेली. तो मुकाट्याने पुढे जाऊन बसला. दांडी ठेवली आणि वाजवू लागला.

वरचा आवाज निघाला. खालून वडिलांचा खर्ज घुमला. वरच्या बाजूने तिसरा त्याला येऊन मिळाला. आणि वरच्या व तिसऱ्या आवाजाच्या मधोमध एक पोकळी, पडलेल्या दातासारखी. "तार तुटली वाटतं गं पोराची," मागच्या बाकावरून आवारातल्या एस्तेरबाई कुजबुजल्या. त्यांची कुजबुज म्हणजे अर्ध्या देवळाला ऐकू जाणारी. प्रबोधचे कान तापले.

पहिलं कडवं संपलं. त्याने चोरून आईकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. स्वयंपाकघरात कोणी मिठाची बरणी जागची हलवली, की बाईमाणूस जसं अस्वस्थ होतं, तशी ती अस्वस्थ झाली होती. तिचं बोट ओळीवर ठेका धरत होतं. आता आई काय म्हणेल, या विचाराने त्याने दुसरं कडवं सुरू केलं.

आणि दुसऱ्या ओळीला त्याला काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, तार झणझणली. मग ध्यानात आलं, की हा गळा आहे. खरखरीत, गंजलेला, पण नेमका त्या पोकळीत बसणारा. दोन-तीन सुरांतच घोटाळणारा. भाकरी थापतानाचं ते पुटपुटणं.

सालोमीबाई गात होत्या.

आईचा श्वास आता लवकर संपत होता. ओळीच्या अर्ध्यावरच ती थांबत होती. ती थांबली की तो दांडी उचलायचा. ती श्वास घ्यायची. मग दोघं मिळून पुढे जायचे. चौदा महिने मास्तर दांडी उचलायला का लावत होते, ते त्याच्या बोटांना तेव्हा कळलं. शेवटच्या कडव्याला गळा मोकळा झाला होता, आणि एस्तेरबाईंनीसुद्धा, काय सांगावं, तोंडातून चकार शब्द काढला नाही.

उपासना संपल्यावर चिंचेखाली चहा होता. प्रबोध मास्तरांजवळ जाऊन बसला. राग कधीच विरघळला होता, पण विचारावंसं वाटत होतं.

"मास्तर, मी सगळं पूर्ण वाजवलं तेव्हा ती गप्प राहिली. तुम्ही मोडून दिलंत, तर गायली. असं कसं?"

मास्तर कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "बाळ, चौघांतले दोघं गेले आणि माझा गळा गेला. त्या तिघांच्या जागा तू भरल्यास, ते तुझं प्रेम. पण चौथी तुझ्यासमोर जिवंत बसली होती, तिचीही जागा तू भरून टाकलीस. काही म्हणून राहिलं नाही, असं वहिनी म्हणाल्या ना? अरे, जिथे काहीच राहिलेलं नसतं, तिथे माणसाने यायचं कुठे? गेलेल्यांची जागा आपण भरावी. असलेल्यांची मोकळी ठेवावी."

एवढ्यात सालोमीबाई पदर सावरत आल्या. "काय रे, दुसऱ्या कडव्यात केवढी घाई! तुझे बाबा अगदी अशीच करायचे. आणि भावजी, तुम्ही याला तिसऱ्या ओळीतला चौथा आवाज चुकीचा शिकवलाय. तो तिथे खाली उतरतो. पुढच्या रविवारच्या आत बसून नीट करायला हवं."

दोन वर्षांत त्या एका दमात एवढं बोलल्या नव्हत्या. मास्तर हसून म्हणाले, "चुकलं असेल वहिनी. मंगळवारी येतो." आणि खिशातली तारेची पुडी त्यांनी हळूच प्रबोधच्या हातात ठेवली. प्रबोधने ती न उघडताच गिटारच्या पेटीत तळाशी ठेवून दिली.

घरी आल्यावर सालोमीबाईंनी चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या. प्रबोधच्या तोंडाशी सवयीचं वाक्य आलं. "आई, तू..." तो थांबला. ओळ संपली की थांबावं, तसा.

"काय रे?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि खुर्चीत टेकला. "चहा करतेस? माझ्यात आलं जास्त घाल."

आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, आणि त्या आवाजात, दोन-तीन सुरांतच घोटाळणारं एक गुणगुणणं.

आपल्या माणसांवर फार प्रेम आहे ना? मग एखादी तार मोकळी ठेवून बघावी.