लखमोजी तांडेलाचे डोळे

या, आत या. चपला पायरीवरच राहू द्या, इथं कुणी नेत नाही. देवीचं दर्शन झालं ना? मग आता या भिंतीकडे बघा. हा आमचा लखमोजी तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. पाहुणे आधी त्याची मिशी बघतात, मग पायाखालची मगर, मग कमरेची दुर्बीण, मग डोळ्यांवरचा काळा गॉगल, आणि शेवटी कुणीतरी हळूच विचारतं, गॉगलमागे डोळे काढायचे राहिले का? राहिले नाहीत, मुद्दाम तसे ठेवलेत. मी त्याच घरची सून, शेवंता. आडबंदरात ही गोष्ट सांगायचा मान आमच्या घराचा आहे. ते गुरवकाका मधेच बोलतील, पण तुम्ही लक्ष माझ्याकडेच द्या.

शिडाच्या गलबतांच्या काळातली गोष्ट. आमची गलबतं दक्षिणेला एका ठरलेल्या बेटापर्यंत जायची आणि तिथून मागे फिरायची. पुढे गोडं पाणी नाही, असं सगळे मानत. लखमोजी मानत नव्हता. संध्याकाळी पाखरं ज्या बाजूला परततात, त्या बाजूला गलबत वळवायची त्याला म्हणे खोडच होती. तसं जाता जाता त्याला एक बेट सापडलं, मधोमध गोड्या पाण्याचं तळं असलेलं. मग काय, सगळ्या बंदरांची गलबतं तिथं पाणी भरायला लागली आणि लखमोजीचं नाव गाजलं. नाव घरी आलं, पण लखमोजी काही आला नाही. तो आणखी पुढे गेलाय, एवढंच खलाशी सांगायचे.

आता माणूस समोर नसला की लोकांना आवरायला कोण आहे? बायका जात्यावर त्याची गाणी गायला लागल्या. त्यात तो सात हात उंच झाला. दशावतारात त्याचं सोंग आलं, ते मुकुट घालून. चिताऱ्यांनी गंजिफाच्या पत्त्यावर राजाच्या जागी त्यालाच बसवला. एका बंदरात तर त्याला चार हात काढले होते, असं सांगतात. आणि खरा लखमोजी कसा होता म्हणाल, तर बुटका, पुढचा एक दात पडलेला, आणि मिशी म्हणजे मांजराला असते तेवढीच.

हे सगळं ऐकून त्याची बायको यसू हसायची. पण एक दिवस गावकऱ्यांनी ठरवलं, की एवढा मोठा माणूस आपल्या गावचा, तर त्याचं चित्र देवळात हवंच. तेव्हा तिचं हसू मावळलं. कारण आमच्यात जिवंत माणसाचं चित्र देवळात काढत नाहीत. चिताऱ्यानं शेवटी डोळे उघडले, म्हणजे बुबुळं काढली, की तो माणूस पितरांत गेला असं धरतात. दोन पावसाळे ज्याचा पत्ता नाही तो गेला, असा तेव्हाचा नियम होता, आणि लखमोजीला जाऊन तेवढे झाले होते. डोळे उघडले की यसूनं कुंकू पुसायचं. गावाला वाटत होतं आपण तिचा मानच वाढवतोय.

ती रडली नाही, भांडलीही नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "काढा. पण तो होतो तसोच दिसाक व्हयो. मी हो म्हटल्याशिवाय डोळे उघडूचे नाय."

ही अट काय वावगी आहे? सगळे हो म्हणाले.

नारबा चितारी कामाला लागला. पहिल्याच दिवशी त्यानं मिशी काढली, ही एवढी, कानापर्यंत पीळ दिलेली. यसू ओलं फडकं घेऊन आली आणि पुसून गेली. एवढी मिशी नव्हती, म्हणाली. गावकरी म्हणाले, बिनमिशीचा वीर कुठं असतो का? नारबानं पुन्हा काढली. मग पायाखाली मगर आली. यसू म्हणाली, हा पालीला घाबरतो, आणि मगर पुसली. गावानं एक वाढवावं, तिनं एक पुसावं, असं सुरू झालं. नारबा बिचारा दोन्हीकडून बोलणी खाऊन वैतागला. पण यसूच्या कपाळावरचं कुंकू शाबूत राहिलं. खरं सांगायचं तर ती भिंत पुसत होती ती त्यासाठीच.

असा एक अख्खा हंगाम गेला. मग एका सकाळी मिशीवरून पुन्हा भांडण पेटलेलं. सगळा गाव या मंडपात, आणि यसू भिंतीकडे तोंड करून, हातात फडकं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मिशी रवांदे. बरी दिसता."

यसूचा हात थांबला. ती वळली नाही. तशीच म्हणाली, "स्वतःक मिशी येना नाय, म्हणान चित्राक व्हयी?"

लोकांनी मागे बघितलं. उन्हानं करपलेला, हडकलेला एक बुटका माणूस खांबाला टेकून हसत होता आणि पुढचा एक दात नव्हता. परक्या गलबतातून पहाटे उतरलेला, घरी जायच्या आधी देवीच्या पाया पडायला आलेला. यसू वळली, त्याला नीट बघून घेतलं आणि विचारलं, "जेवलात काय?" मग मात्र तिला हुंदका आवरला नाही. सगळा मंडप हसत होता आणि रडत होता. नारबा तर म्हणे सगळ्यांत जास्त.

लखमोजीला चित्र भारी आवडलं. हा माझ्यापेक्षा देखणा आहे, पुसू नका, म्हणाला. डोळे मात्र तसेच राहिले, कारण माणूस जिवंत.

पुढे तो म्हातारा होऊन घरच्या खाटेवर गेला. तेव्हा गावकरी नारबाच्या मुलाला घेऊन आले, की आता तरी डोळे उघडू. यसूनं स्वतःचं कुंकू पुसलं होतं. ती या भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझो गेलो. बाकीच्यांचे येवचे आसत." गावानं रंगाची वाटी परत नेली आणि दोन पावसाळ्यांचा नियम त्याच दिवशी मोडला.

आजही नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जायच्या आधी गाव या चित्रात एक गोष्ट वाढवतो आणि आमच्या घरची बाई एक पुसते. दुर्बीण अशीच आली. मनगटावरचं घड्याळ माझ्या सासूबाईंनी पुसलं. गेल्या वर्षी पोरांनी त्याला काळा गॉगल घातला आणि माझ्याकडे बघत बसली, ही काय करते म्हणून. मी तो ठेवला, मगरीचं शेपूट पुसलं. डोळे उघडायला बंदी आहे, झाकायला कुठं आहे? यंदा मात्र गॉगल पुसणार. माझा थोरला जहाजावर आहे, गेल्या महिन्यापासून त्याचा फोन नाही. ते डोळे अजून उघडलेले नाहीत, हे मला रोज येताजाता दिसायला हवं.

चला, प्रसाद घ्या. घरी पोरासाठी रोज पान वाढून ठेवते मी, तुम्हीही दोन घास खाऊनच जा.