रंग चढवलेली खुर्ची

लाकडाला वाचा होती तेव्हाची गोष्ट. शिदू भंगारवाल्याकडे एक म्हातारी सागवानी खुर्ची होती. खपली नाही तर ती बंबात जळणाला जाणार होती. जाहिरातीतला तिचा फोटो बघून एक जोडपं निघालंय कळताच ती बावरली आणि शेजारच्या रंध्याला म्हणाली,

"रंधादादा, माझे ओरखडे काढा. या अवतारात कोण नेईल?"

"अगं, ओरखडे बघूनच येतायत ना?"

पण मेली ऐकते कसली! रंधा फिरला, वर चकचकीत रंग चढला.

जोडपं आलं. "फोटोतली जुनी खुर्ची कुठाय?"

"मीच की!"

"चल! तू तर कालची पोर."

ते कोपऱ्यातलं झिजकं स्टूल घेऊन गेले. जाता जाता स्टूल गोंधळून खुर्चीला म्हणालं, "ताई, मला का गं?"

खुर्चीलाही कळेना. अंगावरचा रंग अजून ओला होता, आणि शिदू कुऱ्हाड शोधत होता.