पिकअपच्या पोटाखालचा पत्रा

दुपारी ठीक सव्वाबारा वाजता पोपटशेठने आपल्या दुकानात चांदीसारखा चकाकणारा पत्रा नामदेवसमोर धरला. दगड लागून इंजिन फुटू नये म्हणून पिकअपच्या पोटाखाली बसवायचा तो पत्रा. बाहेर ऊन पाण्यासारखं हलत होतं. नामदेवच्या बायकोच्या, वैजयंताच्या, खांद्यावर बाळ झोपलं होतं आणि तिचेही डोळे मिटत होते. मिटल्या डोळ्यांपुढे पाड्याची वाट आली. वाटेतले दगड कासवांसारखे हळूच माना वर काढू लागले. बाळाला अधूनमधून झटके येत, अन् दवाखाना घाटाखाली. वाटेतच गाडी बसली तर?

तिने दचकून विचारलं, "शेठ, टिकेल ना हा?"

"वहिनी, शहरातले साहेब हाच नेतात. बायकांना यातलं काय कळतंय? नारळ फोडा अन् निघा!" म्हणत शेठने रिवाजाप्रमाणे नारळ पुढे केला.

वैजयंताने बाळ नवऱ्याकडे दिलं, पत्रा दुकानात पडलेल्या दोन टायरांवर आडवा ठेवला आणि नारळ त्याच्याच मधोमध आपटला. नारळ जसाच्या तसा राहिला, पत्र्याला मात्र वाटीएवढा खड्डा पडला.

"अहो, नारळ दगडावर फोडतात!" शेठ ओरडला.

"तेच म्हणते मी. दगडापुढे नारळ हरतो, अन् तुमचा पत्रा तर नारळापुढेच हरला!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठने आतून जाड, काळा पत्रा आणला. त्यावर नारळ पहिल्याच फटक्याला फुटला.

घाट चढताना खालून नव्या पत्र्यावर दगड ठणठण वाजत राहिले आणि त्या तालावर बाळ गाढ झोपलं. तुमच्या ओळखीत कुणाची वाट दगडांची असेल, तर त्यांनाही एवढं सांगा: पत्रा घेताना नारळ सोबत न्या.