टोपलीतला दगड

फार फार वर्षांपूर्वी, घाटातल्या वाटा अजून बैलांच्या खुरांनी रुंद होत होत्या तेव्हा, एका सकाळी एका टोपलीत दगड निघाला.

मोठा नव्हता. लिंबाएवढा, गुळगुळीत, ओढ्यातला असावा तसा. पण ती टोपली काही दगडांसाठी ठेवलेली नव्हती. टोपली उपडी करणारी बाई दचकली आणि दगड तिच्या पायावर पडता पडता राहिला. तशी ती मुळातच घाबरट. वानरानं फांदी हलवली तरी तिच्या हातातली पळी पडायची.

ही बाई घाटमाथ्यावर राही. तिथं तिची एक चूल होती, चुलीवर हंडा, आणि हंड्यात हुलग्याचं माडगं. हुलगे भाजायचे, दळायचे, पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. घाट चढून आलेल्या माणसाच्या पोटात एक वाडगा गेला की पुढची वाट सोपी होते. ही चूल तिच्या आत्यानं मांडलेली. कधी काळी एक ओझेवाला माथ्यावर थंडीनं आणि भुकेनं गारठून मेला होता. तेव्हापासून आत्यानं ठरवलं, की इथून कुणी उपाशी पुढे जाणार नाही, आणि कुणाला 'केवढ्याला?' असं विचारावं लागणार नाही. प्यायचं, आणि मनाला येईल ते टोपलीत टाकायचं.

आत्या गेली. चूल भाचीकडे आली.

भाचीनं आत्याचा नियम आणखी कडक केला. कुणी टोपलीपाशी वाकला की ती पाठ फिरवायची. काय पडलं ते बघायचं नाही, विचारायचं नाही, बोलायचं तर नाहीच. माणसं विचारायची, "बाई, काय टाकू?" ती मान खाली घालून म्हणायची, "तुमच्या मनाला येईल ते."

आता मनाला काय येणार? चाळीस बैलांचा धनी असलेल्या एका व्यापाऱ्यानं तीन वाडगे माडगं प्यायलं आणि टोपलीत एक सुपारी टाकली. वर म्हणाला, "केवढं पुण्याचं काम! राजवाड्यातून धान्य येत असेल ना तुम्हाला?" आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेला. टोपलीत मिरच्या पडत. चिमूटभर मीठ पडे. एकदा तुटकी घंटा पडली. आणि आता हा दगड.

"माझी थट्टा करतात," ती पुटपुटली. तिनं कणगीत हात घातला. हात खूप आत गेला तेव्हा कुठे हुलगे लागले. पौषाची थंडी अजून यायची होती.

माथ्याच्या खालच्या अंगाला एक खिंड होती. इतकी अरुंद, की एका वेळी एकच बैल जाई. समोरासमोर दोन तांडे आले तर ना पुढे जाता येई, ना मागे. म्हणून घाटाचा एक रिवाज होता: खिंडीत शिरण्याआधी तोंडाशी उभं राहून हाक द्यायची, "कूऽऽ!" पलीकडून उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. कातळाच्या भिंतींमधून ती हाक या टोकापासून त्या टोकाला स्वच्छ ऐकू जाई. वरच्या बाईनं मात्र जन्मात कधी हाक दिली नव्हती. मोठ्यानं ओरडायच्या नुसत्या विचारानंही ती पदर तोंडाशी धरी.

खिंडीच्या दुसऱ्या तोंडाशी, खाली, आणखी एक चूल होती. आणि तिथंच तर खरं दुखणं होतं.

ती चूल जिची होती, ती एकेकाळी आत्याकडे भांडी घासायची. पुढे आत्यानंच तिला खाली चूल मांडून दिली. तेच माडगं, तसाच हंडा, तशीच टोपली. तिथंही कुणाला किंमत सांगत नव्हते.

वरच्या बाईच्या छपराशी एक शेकरू येई. या झाडावरून त्या झाडावर झेपा घेत ते दिवसातून दोनदा खिंडीच्या खाली जाऊन वर येई, आणि त्याच्या तोंडात काही राहत नसे.

"काय रे, खाली काय चाललंय?" तिनं विचारलं. विचारायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं तरी.

"लाकडाची रास!" शेकरू शेपटी उडवत म्हणालं. "छपराच्या वर गेलीय. आणि हुलग्यांची पोती. दोन. नाही, तीन."

"देतं कोण एवढं?"

"तुझ्याकडे पितात तेच."

"तेच? तो सुपारीवाला पण?"

"त्यानं तर आख्खं पोतं उतरवलं."

हिनं चुलीत लाकूड खुपसलं. "बोलते काय ती त्यांच्याशी? हसून बोलत असेल. काही जादूबिदू..."

"ते मला काय ठाऊक?" शेकरू म्हणालं. "मी शेंड्यावरून बघतो. शेंड्यावरून दिसतं फार, पण ऐकू काही येत नाही." आणि ते उंबराच्या फळाकडे निघून गेलं.

माडगं ढवळताना हात थांबला की गुठळ्या होतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तिचा हात थांबायला लागला. ढवळता ढवळता डोळ्यांपुढे ती लाकडाची रास यायची, नि हात थांबायचा. माझ्या आत्याची भांडी घासणारी! माझ्या आत्यानं शिकवलेलं माडगं! आणि पोती तिच्याकडे!

एकदा झऱ्यावर दोघींची गाठ पडली. खालची बाई घागर भरत होती. हिला बघून ती बाजूला सरली.

"भरा ताई, तुम्ही आधी भरा. कणगी भरलीये ना? थंडी येतेय."

"आत्याची चूल आहे ती," वरची म्हणाली. "तिला काय कमी पडणार? तू तुझं बघ."

"माझं बरं चाललंय. मला एवढंच म्हणायचं होतं, की काही लागलं तर..."

"काही लागत नाही आम्हाला!"

घागर अर्धीच भरून ती चढ चढून आली. आल्यावर कणगीत हात घातला. या वेळी बोटं तळाला टेकली.

त्याच दुपारी घाट उतरणारा एक तांडा तिच्याकडे थांबला. तांड्याचा म्होरक्या मिशा पुसत म्हणाला, "आता एक वाडगा खालच्या चुलीवर. तिथलं माडगं म्हणजे काय सांगू बाई!"

आणि ती, जी कुणाशी कधी चार शब्द बोलत नसे, पटकन बोलून गेली. "खाली थांबू नका. तिच्या पिठात किडे असतात. जुनं, किडकं पीठ घालते ती."

म्होरक्याच्या कपाळाला आठी पडली. तिला आतून केवढं गार वाटलं! पण ते वाटणं वाडगाभर ताकाएवढंच, तेवढ्यापुरतं. मागोमाग भीती आली. पण शब्द सुटला होता, आणि घाटातला शब्द बैलांच्या आधी खाली पोचतो.

चारच दिवसांत खालची चूल ओस पडली. चढून येणारे तांडे तिथं न थांबता वर यायला लागले. सगळे हिच्याकडे! सकाळपासून रांग. एकेक जण दोन दोन वाडगे प्यायचा, कारण खाली काही पोटात गेलेलं नसायचं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, बघा, आता बघा. दुसऱ्या दिवशी हंडा दोनदा चढवावा लागला. तिसऱ्या दिवशी तीनदा. आणि टोपलीत? सुपारी, मिरची, चिमूटभर मीठ. एकाचं फुकट जात होतं ते आता दहांचं जायला लागलं. गिऱ्हाईक वाढलं आणि कणगी दुप्पट वेगानं आटली, हे गणित तिनं कधी मांडलंच नव्हतं.

आठव्या दिवशी कणगी झटकून निघालेल्या पिठाचा शेवटचा हंडा संपला. लाकूडही संपलं. चुलीत नुसती राख, आणि राखेखाली बोटभर निखारा. बाहेर वारं सुटलं होतं, अंगात शिरणारं.

शेकरू आलं. "आज खाली धूरच दिसत नाही," ते म्हणालं.

आठ दिवसांपूर्वी हे ऐकून ती नाचली असती.

तेवढ्यात खिंडीतून एक म्हातारा ओझेवाला बाहेर पडला. डोक्यावर मिठाची गोणी, अंगावर एकच पंचा. गोणी उतरवता उतरवता तो बसला, आणि बसला तो कलंडला. ओठ काळेनिळे पडलेले. दात वाजत होते.

"बाई," तो म्हणाला, "एक वाडगा दे. पण आधी एक कबूल करायचंय. मागल्या खेपेला तुझ्या टोपलीत दगड टाकला तो मी."

ती चमकली. "का रे बाबा? मी काय वाईट केलं तुझं?"

"वाईट नाही गं. मीठ धन्याचं, त्यातलं चिमूटभरही माझं नाही. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तू म्हणालीस, मनाला येईल ते टाक. लोक बघत होते. रिकामा हात टोपलीत कसा घालू? म्हटलं, आवाज तरी होऊ दे."

ती त्याच्याजवळ खाली बसली. "मग खालच्या चुलीवर काय टाकतोस?"

"तिथं लाज वाटत नाही," म्हातारा म्हणाला. त्याला बोलायला त्रास होत होता, पण चेहरा जरा उजळला. "ती आधीच सांगते. एका वाडग्याला दोन मुठी हुलगे आणि एक फाटा लाकूड जातं. असेल त्यानं तेवढं द्यावं. जास्त असेल त्यानं मागून येणाऱ्याचंही द्यावं. नसेल त्यानं तोंडानं म्हणावं, आज नाही. आणि प्यावं. मी म्हणतो, आज नाही. ती म्हणते, बरं. झालं! पुढच्या खेपेला मी रानातून दोन फाटे ओढत नेतो."

"पण किंमत सांगायची नाही, असं आत्या..."

"किंमत कुठं सांगते? लागतं किती ते सांगते. तुझी आत्याही सांगायची की. मी तिच्या हातचं प्यालोय." मग त्यानं पंचा छातीशी ओढला. म्हणाला, "या खेपेला मात्र खाली थांबलो नाही. कुणीतरी म्हणालं, तिथलं पीठ किडकं असतं. म्हणून रिकाम्या पोटीच चढलो. म्हटलं, वर तू आहेस."

तिनं हंड्यात पाहिलं. हंडा कोरडा होता. तिनं आपली चादर काढून म्हाताऱ्याच्या अंगावर टाकली, निखारा फुंकून पाहिला. निखारा लाल झाला आणि परत काळवंडला. याच माथ्यावर एक माणूस भुकेनं मेला म्हणून ही चूल पेटली होती. आता दुसरा मरायला टेकला होता, तो तिच्या शब्दामुळे.

ती उठली. खिंडीच्या तोंडाशी गेली. मागे, माथ्यावर, दोन तांडे खिंडीत उतरायला थांबलेले. सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

"कूऽऽ!" तिनं हाक दिली. ती इतकी बारीक निघाली की बैलांनीही कान हलवले नाहीत.

पलीकडून काही नाही. फक्त कातळानं तिचाच आवाज परत केला. धूर दिसत नाही म्हणालं होतं शेकरू. गेली असेल ती निघून. का राहील?

तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"कूऽऽ! वरच्या चुलीवर पीठ नाहीऽऽ! लाकूड नाहीऽऽ! माणूस गारठलाय इथंऽऽ!"

मागे कुजबुज सुरू झाली. सुपारीवाला व्यापारी त्यातच होता. "पीठ नाही? म्हणजे राजवाड्यातून येत नव्हतं?" असं तो कुणाला तरी विचारत होता.

खाली सगळं शांत.

आता शेवटचं राहिलं होतं. तेच सगळ्यात जड होतं. तिनं डोळे मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास एकवटून ओरडली,

"किडकं पीठ म्हणाले ते मीऽऽ! खोटं होतं तेऽऽ! मला तुझा हेवा वाटलाऽऽ!"

हेवा, हेवा, हेवा, असं कातळ म्हणत राहिला. मग कातळही थांबला. वाऱ्याचा आवाज तेवढा उरला. आणि मग, खिंडीच्या पार खालच्या तोंडाशी, हंड्यावर पळी आपटल्याचा टणकार झाला, आणि ओळखीचा आवाज वर चढत आला:

"ताईऽऽ! किती लागतंय, ते सांगाऽऽ!"

तात्पर्य: द्यायचं किती ते देणाऱ्याच्या मनावर सोडावं, पण आपल्याला लागतं किती ते आपल्या तोंडानं सांगावं; न सांगणाऱ्याच्या टोपलीत दगड पडतो आणि मनात हेवा.