मुळ्याची लावणी

भाताच्या एका गावात सगळ्यांची खात्री होती, की लावणीशिवाय कुठलंच पीक येत नाही. त्या गावात सुगंधा सून म्हणून आली. माहेरी तिच्या भाजीचे मळे. सासरी वीतभरही जमीन नव्हती.

नदीकाठचा मळा गावाच्या मालकीचा होता. तो कसायला धाकूकाकांनीही मागितला आणि सुगंधानेही. पंच म्हणाले, “यंदा अर्धा धाकूकाकांनी करावा, अर्धा सुगंधाने. दोघांनीही मुळाच घ्यावा. ज्याचा मुळा चांगला, मळा त्याचा.”

धाकूकाका लावणीतले पहिले गडी. त्यांनी रोप तयार केलं, उपटलं आणि दोरी धरून रांगेत लावलं. सुगंधाने जमीन हातभर खोल भुसभुशीत केली आणि बी जागच्या जागीच पेरलं.

काका बांधावरून ओरडले, “सूनबाई, माहेरी लावणीला माणसं मिळत नाहीत वाटतं?”

बायका फिदीफिदी हसल्या.

महिना झाला. दुसऱ्या दिवशी पंच पाहणीला यायचे होते. काकांच्या रांगा आखल्यासारख्या, हिरव्यागार. सुगंधाच्या वाफ्यात कुठे दाटी, कुठे टक्कल. सासू घाबरली. “अगं, दाटीतली रोपं काढून मोकळ्या जागी लाव. मळा गेला, तर पुन्हा लोकांच्याच शेतात राबायचंय आपल्याला!”

सुगंधाचा हात रोपाकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.

“आई, उद्या दिसायला बरं होईल. पण मुळा बिघडेल.”

दाटीतली रोपं तिने उपटली, ती सरळ भाजीत घातली. लावलं एकही नाही.

पंचांनी नाकं मुरडली. ती म्हणाली, “पानं बघून निकाल देऊ नका. मुळा उपटाल त्या दिवशी द्या.”

तो दिवस उजाडला. काकांनी पहिला मुळा उपटला. त्याला दोन पाय! दुसऱ्याला तीन. तिसरा तर फुगडी घालता घालता थांबल्यासारखा. पोरं खिदळली. सुगंधाने उपटला तो सरळ, पांढराशुभ्र, मनगटाएवढा जाड.

“हे गं कसं?” काकांनी विचारलं.

“काका, भाताला मुळांचा झुपका असतो. चार तुटली तर दहा फुटतात. मुळ्याला मुख्य मूळ एकच, सोट्यासारखं सरळ खाली जाणारं. म्हणून तर त्याला सोटमूळ म्हणतात. उपटताना त्याचं टोक तुटलं, की त्याला फाटे फुटतात.”

काकांनी हातातला दुपायी मुळा न्याहाळला. “म्हणजे हा माझ्या मळ्यातून पळायच्याच तयारीत होता!” ते हसले. आणि पंचांनी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “मळा सूनबाईचा.”

तात्पर्य: ज्याला खोल जायचं आहे, त्याने बघणाऱ्यांच्या समाधानासाठी आपलं मूळ हलवू नये.