राजकन्येचं उपाशी पाखरू

एक होता राजा. त्याची लेक राजसा, भारी हट्टी! तुमच्याहूनही, बरं का. एकदा काय झालं, तिला बागेत एक पाखरू सापडलं. केवढं? तळहाताएवढं! हळदीसारखं पिवळं, अन् पंखांवर चार गोल डोळे. राजसानं ते पिंजऱ्यात ठेवलं, पण ते काही खाईना. मग हिनंही हट्ट धरला, "ते जेवेल तेव्हाच मी जेवीन."

झालं! राणीनं दूध ठेवलं. पाखरू ढिम्म. प्रधानानं मध आणला. छे! वैद्यबुवांनी डाळिंब सोललं, तेही वाळून गेलं. असे तीन दिवस गेले. पोर अंथरुणातून उठेना. राजा अगदी रडकुंडीला आला हो.

तेवढ्यात आली भिवरा. ती रानात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या वाढवायची. वाड्यावर रेशीम द्यायला आली, पिंजरा बघितला, अन् तिला हसूच फुटलं.

"काहून घास भरवता जी? हे तर रेशमाच्या कोशातून निघालेलं पाखरू. खायचं तोंडच नसते याला!"

"तोंड नाही?" राजा ओरडला.

"सगळं खाणं अळी असताना. ऐनाचा पाला खाऊन घेते, अन् पंख फुटल्यावर त्याच्यावरच चार दिवस काढते. मिशा बारीक, पोट मोठं, म्हणजे ही मादी. हिला घास नको जी, नर पाहिजे. अंडी घालायची आहेत तिला."

"खोटं निघालं तर गाठ माझ्याशी आहे!"

पण भिवरा मागे हटली नाही. रानातल्या रिवाजाप्रमाणे तिनं पाखराला हलकेच दोरा बांधला अन् दिवेलागणीला फांदीवर बसवलं. राजसाला पांघरुणासकट बागेत आणलं. सगळे वाट बघत बसले. कोणी येईना. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. अन् काय सांगू! लांबच्या रानातून मादीचा वास काढत एक तांबूस नर आला फडफडत! पिसासारख्या रुंद मिशा त्याच्या. थेट तिच्याशेजारी बसला.

"आला गं बाई, आला!" भिवरानं टाळ्याच पिटल्या.

राजसा डोळे मोठे करून बघत होती. "मावशी, लहानपणी जेवली म्हणून हिला एवढे पंख फुटले?"

"हो तर!"

"आई, वाढ लवकर! मी अजून लहानच आहे!"

मग काय! राजसा दोन ताटं जेवली. राणी हसता हसता रडली. पाखरानं अंडी घातली, भिवरानं ती रानात नेली, अन् सगळे आनंदात राहिले. चला, मिटा बघू डोळे आता.